पुढच्या सतरंजीवर कोण बसणार?

‘मावशी, मी नागपूरच्या मानेवाड्याची. वय ४६, शिक्षण नववी, घरी ब्लाउज शिवते. अकरा वर्षांपासून आमच्या महिला भजनी मंडळात मागच्या रांगेत बसून टाळ वाजवते. पुढे बसून भजन धरणाऱ्या काकू आता मुलाकडे पुण्याला चालल्या. म्हणतात, “आता तू धर, मधे दोन शब्द बोलत जा.” माझा गळा जाडा. मंडळात एक नवी सून आली आहे, ती गाण्यात विशारद झालेली. मागे मी भजनात “पानी” म्हटलं तर दोघी-तिघी हसल्या. मी काहून पुढे बसू? देवाला माझ्याकडून काही करून घ्यायचं असतं, तर त्यानं मला तसा गळा नसता का दिला? काकूंना नाही म्हणून टाकू का?’

मावशी म्हटलंस, म्हणून तुला तूच म्हणते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. वर दिलं तेवढंच ते नाही. साडेतीन पानं तू स्वतःला काय येत नाही ते लिहिलंस, आणि अगदी शेवटी, सही करायच्या आधी, एक ओळ घाईत टाकलीस: मंडळातल्या एका बाईचा नवरा गेला, तिनं येणं सोडलं, तर तू महिनाभर दुपारी मशीन बंद करून तिच्याकडे जाऊन बसायचीस. बोलायला काही सुचायचं नाही म्हणून हळू आवाजात भजन गुणगुणायचीस. आता ती पुन्हा यायला लागली.

अगं, ही ओळ पहिली लिहायची होती! त्या दुपारी तुझा गळा जाडा आहे की बारीक, हे त्या बाईनं पाहिलं का? विशारद विचारलं का? देवानं तुला काय दिलंय याचा शोध तू गळ्यात घेत बसलीस, आणि दिलेलं वापरून मोकळीही झालीस, तुझं तुलाच कळलं नाही. काकूंना बहुतेक कळलं. अकरा वर्षं पुढून मागच्या रांगेकडे बघत बसलेली बाई उगाच कोणाचं नाव घेत नाही.

तू रोज तुकडोजी पुतळ्याच्या चौकातून जात असशील. महाराजांची शाळा प्राथमिकलाच सुटली, हातात खंजिरी आली. गाडगेबाबा तर शाळेची पायरीच चढले नाहीत. आज नागपूरचं विद्यापीठ एकाच्या नावानं आहे, अमरावतीचं दुसऱ्याच्या. पदवीच्या कागदावर त्यांची नावं छापतात, ही गंमत मला फार आवडते.

‘ते महापुरुष, माझं काय,’ असं म्हणशील. बरं, मग म्हाताऱ्यांचं सांगते. सातशे वर्षांपूर्वी महानुभाव पंथातल्या केशोबासांना संस्कृतात लिहायचं होतं. विद्वान माणूस, लिहिलंही असतं झकास. पण पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी अडवलं. म्हणाले, अशानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, त्यांच्या हाती काही लागणार नाही. म्हणजे पंडितांना काय आवडेल याच्या आधी, ऐकायला बसलेल्या बायांच्या पदरात काय पडेल, हे त्यांनी बघितलं. तेव्हा ‘पानी’वर हसणाऱ्यांना हसू दे. ‘ण’चा ‘न’ होणं ही आपल्याकडची बोली आहे, पाप नाही.

आता कामाचं. देवावर भरवसा म्हणजे तालीम न करणं नव्हे. देव ऐन वेळी गळ्यात साखर घालेल असं समजून बसू नकोस. पहिल्या गुरुवारी तू चुकशीलच, एखादं कडवं विसरशील. काकू बहुधा काळी पाचात, म्हणजे उंच पट्टीत, गात असतील आणि तू त्यांच्याच पट्टीत चढायला जात असशील, म्हणून तुला गळा जाडा वाटतो. खालून धर. तुझी पट्टी कोणती, हे त्या विशारद सुनेलाच विचार. तिला पेटीवर बसव. तू तिला प्रतिस्पर्धी समजलीस, पण ती नव्या घरात, नव्या गावात आलेली पोरगी आहे. तिलाही कोणीतरी ‘ये, इथे बस’ म्हणायला हवं असेल. आणि हे काम तुला चांगलं जमतं, हे तूच लिहिलंयस.

मधले दोन शब्द? निरूपण करायला जाऊच नकोस. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, आणि त्यातूनच कीर्तन पुढे सरकायचं. तू एकच विचार: ‘या ओळीनं आज कोणाला काय आठवलं?’ मग गप्प बस. पहिल्यांदा कोणीच बोलणार नाही, पदर तोंडाला लावून हसतील. थांब. एखादी बोलेल.

स्वतःचं एक सांगते, कौतुकाचं नाही. बत्तीस वर्षांची असताना शेजारच्या वस्तीतल्या बायांना सही शिकवायला मला बोलावलं होतं. मी डी.एड. नाही, मला शिकवायचं शास्त्र येत नाही, असं म्हणून नम्रपणे नकार दिला. तेव्हा मला माझ्या नम्रतेचं कौतुकच वाटलं होतं. माझ्या जागी कोणी शास्त्र येणारी आली असेल, असं धरून चालले. कोणीच आलं नव्हतं. पुढे कितीतरी वर्षांनी त्यातली एक बाई बँकेत माझ्या पुढे रांगेत होती. तिनं स्लिपवर अंगठा उठवला आणि शाई पुसायला माझ्याकडे रुमाल मागितला.

तेव्हा काकूंना लगेच नाही म्हणू नकोस, आणि जन्मभराचं हो पण म्हणू नकोस. आषाढीपासून दिवाळीपर्यंत धर म्हणावं. तोवर काकू गावात असल्या तर एक-दोन गुरुवार त्यांना तुझ्या मागे, तुझ्या जागेवर टाळ घेऊन बसव. दिवाळीत खरंच वाटलं की हे आपलं नाही, तर पुढची सतरंजी दुसरीला दे आणि दुपारी त्या-त्या घरी जाऊन बसणं चालू ठेव. ते मात्र सोडायचं नाही, त्यासाठी कोणी तुला विचारलेलंही नव्हतं.

कोणत्या पट्टीत धरलंस, तेवढं एका ओळीत कळव. आणि भजनात ‘पानी’ आलं की ‘पानी’च म्हण.