पॅप नॉर्मल, एचपीव्ही निगेटिव्ह, मग कॅन्सर आला कुठून?

प्रश्न: माझ्या मोठ्या बहिणीला (वय 48) बरेच महिने अंगावरून पाण्यासारखं जात होतं. पॅप स्मिअर नॉर्मल आला, एचपीव्ही निगेटिव्ह, म्हणून इन्फेक्शनची औषधं चालू होती. आता बायोप्सीत गर्भाशयमुखाचा 'गॅस्ट्रिक टाइप अ‍ॅडेनोकार्सिनोमा' आलाय. म्हणजे पोटातला कॅन्सर खाली पसरलाय का? आधीच्या टेस्ट चुकल्या होत्या का? आणि मलाही होऊ शकतो का?

उत्तर: ताई, नावात गॅस्ट्रिक आहे म्हणून तो पोटातूनच आला असं नाही. गर्भाशयमुखाच्या आतल्या ग्रंथींमधूनच हा सुरू होतो, फक्त त्याच्या पेशी जठराच्या खालच्या भागातल्या ग्रंथींसारख्या दिसायला लागतात आणि तसाच म्यूकस (चिकट स्राव) बनवतात. पाण्यासारखं जात होतं ते बहुतेक त्यामुळेच, आणि हे लक्षण नुसतं इन्फेक्शन समजून महिनोन् महिने औषधं दिली जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

टेस्ट चुकल्या असंच काही नाही. गर्भाशयमुखाचे बहुतेक कॅन्सर एचपीव्हीमुळे होतात, हा त्या व्हायरसशिवाय होतो, त्यामुळे एचपीव्ही टेस्ट निगेटिव्हच येणार. 2020 च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात तो एचपीव्हीशी संबंध नसलेल्या गटातच टाकलाय. पॅपचं म्हणाल तर गाठ बऱ्याचदा वर, गर्भाशयमुखाच्या कालव्याच्या आत खोल असते, ब्रशला पेशी मिळतच नाहीत, आणि मिळाल्या तरी इतक्या साध्या दिसतात की नजरेतून सुटतात. अनुभवी माणसाला कधीकधी एक खूण सापडते, नेहमीचा म्यूकस पॅपच्या रंगात गुलाबीसर दिसतो, यातला सोनेरी पिवळा दिसतो.

बायोप्सीच्या स्लाइडवर पेशी मोठ्या, आतला भाग भरपूर आणि फिकट किंवा पारदर्शक, कडा अगदी रेघ ओढल्यासारख्या स्पष्ट. केंद्रक तळाशी, काही ठिकाणी वेडंवाकडं तर काही ठिकाणी जवळपास नॉर्मल. यातला सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे मिनिमल डेव्हिएशन, जुनं नाव अ‍ॅडेनोमा मॅलिग्नम, त्यात एकेक ग्रंथी बघितली तर कॅन्सर वाटतच नाही, ती जिथे असायला नको तितक्या खोल गेलीय आणि आकार वाकडातिकडा आहे यावरूनच कळतं. म्हणून वरवरचा छोटा तुकडा घेतला आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर त्यावर समाधान मानू नये, संशय असेल तर खोल तुकडा किंवा कोन बायोप्सी (गर्भाशयमुखाचा शंकूसारखा तुकडा काढणं) लागते.

मग आयएचसी करतात, म्हणजे पेशींमधली ठराविक प्रथिनं खास रंगांनी ओळखायची तपासणी. पी16 एचपीव्हीच्या कॅन्सरमध्ये सगळीकडे गडद येतो, इथे सहसा निगेटिव्ह किंवा तुरळक. एमयूसी6 बऱ्याचदा पॉझिटिव्ह, पी53 बऱ्याच केसेसमध्ये बिघडलेला. पण तुमची पोटाची शंका अगदीच चुकीची नाही हं, जठर किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरून इथे आला तर तोही असाच दिसू शकतो आणि नुसत्या रंगांवरून फरक करणं अवघड जातं, म्हणून स्कॅन आणि गरज पडली तर एंडोस्कोपी करून ती शक्यता नाही ना याची खात्री करतात. हे झालंय का ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. एमआरआयमध्ये ओव्हरीज नीट बघितल्यात का तेही विचारा, हा कॅन्सर तिकडे आणि पोटाच्या आतल्या आवरणावर पसरायची सवय असलेला आहे. आणि ट्रीटमेंट ठरण्याआधी स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला बायोप्सीचा तुकडा) घेऊन स्त्रीरोगाच्या पॅथॉलॉजीचा अनुभव असलेल्या डॉक्टरांचं दुसरं मत घ्याच, इतक्या क्वचित आढळणाऱ्या प्रकारात ते मागितलं म्हणून कुणी रागावत नाही.

तुमच्याबद्दल. बहुतेक केसेस घराण्यातून येत नाहीत. पण काही बायकांमध्ये यामागे प्युट्झ-जेगर्स सिंड्रोम असतो, एसटीके11 नावाच्या जीनमधला दोष. बहिणीच्या किंवा घरात कुणाच्या ओठांवर, तोंडाच्या आतून लहानपणापासून काळसर ठिपके आहेत का, आतड्यात पॉलिप निघालेत का, ते आठवून बघा, असेल तर जेनेटिक काउन्सेलरला भेटा. तुमचं नेहमीचं पॅप, एचपीव्ही स्क्रीनिंग मात्र सोडू नका, गर्भाशयमुखाचे बाकीचे बहुतेक कॅन्सर त्यातच सापडतात. फक्त अंगावरून सतत पाणी जात असेल तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी सोनोग्राफी किंवा एमआरआयचा विषय स्वतःहून काढा.