परदेशी सांस्कृतिक केंद्र उघडायचंय? आधी किल्ली कोणाकडे राहणार ते ठरवा

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत, म्हणून सगळे एकत्रच घेतोय.

प्रश्न : आमच्या वाचनालयात एका देशाच्या दूतावासाला माहिती कक्ष उघडायचाय. पुस्तकं, कॉम्प्युटर त्यांचे, जागा आणि माणूस आमचा. हो म्हणावं का?

ताई, हो म्हणा, पण लेखी करार झाल्यावरच. तुम्ही सांगताय ती पद्धत अमेरिकन कॉर्नरची आहे, त्यात दूतावास पुस्तकं, उपकरणं, ट्रेनिंग देतो आणि जागा नि कर्मचारी यजमान संस्थेचे असतात. सगळेच देश असं करत नाहीत. ब्रिटिश कौन्सिल किंवा जर्मनीचं गोएथे इन्स्टिट्यूट साधारणपणे स्वतःचं ऑफिस थाटतात, स्वतःची माणसं नेमतात. फ्रेंच भाषा-संस्कृतीसाठीच्या अलियान्स फ्रान्सेझचं अजून वेगळं, १८८३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेली ही संस्था, पण जगभरातल्या तिच्या बहुतेक शाखा म्हणजे त्या त्या ठिकाणच्या कायद्याने नोंदवलेल्या स्थानिक संस्था आहेत, त्यांची कमिटीसुद्धा स्थानिक असते. मला स्वतःला हीच पद्धत सगळ्यात टिकाऊ वाटते.

तुमच्या बाबतीत खरा खर्च लपलाय तो "माणूस आमचा" या दोन शब्दांत. कॉम्प्युटर एकदाच येतो पण पगार दर महिन्याला द्यावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी होतं काय की आधीच कामाने वाकलेल्या ग्रंथपालाच्या गळ्यात हा कक्षही पडतो, मग कक्ष आठवड्यातून दोन दिवस उघडा आणि बाकी दिवस कुलूप. त्यामुळे रोज किती तास उघडा ठेवायचा, त्या तासांचा पगार कोण देणार, मशीन बिघडलं तर दुरुस्ती कोणाची, इंटरनेटचं बिल कोणाचं, हे आधी कागदावर आणा.

प्रश्न : आमच्याकडे काही लोकांचा विरोध आहे, म्हणतात हा सरळ प्रचार आहे. त्यांना काय सांगू?

त्यांचं म्हणणं धुडकावून लावू नका, त्यात तथ्य आहे. कुठलाही देश पैसे घालतो तो आपल्याबद्दल चांगलं मत व्हावं म्हणूनच. आणि यात चोरून काहीच नाही, राजनैतिक संबंधांवरचा १९६१ चा व्हिएन्ना करार आहे ना, त्याच्या कलम ३ मध्ये सांस्कृतिक संबंध वाढवणं हे दूतावासाचं काम म्हणूनच लिहिलंय. प्रश्न एवढाच की तुमच्या इमारतीत काय होणार हे कोण ठरवणार.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे चिनी भाषा शिकवणारं, चीन सरकारच्या पाठिंब्याचं कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट. पहिलं २००४ मध्ये सोलला उघडलं आणि नंतर ती जगभर, बऱ्याचदा थेट विद्यापीठांच्या आतच, निघाली. भाषा शिकवायला कोणाची हरकत नव्हती, पण शिक्षक कोण निवडतं, कुठले विषय टाळले जातात यावरून वाद पेटले. शिकागो विद्यापीठाने २०१४ मध्ये करार पुढे न्यायचं थांबवलं, स्वीडनने तर २०२० पर्यंत सगळीच बंद केली. आणि हे फक्त चीनचंच असतं असं समजू नका. १९५३ मध्ये कम्युनिस्टविरोधी मोहीम चालवणाऱ्या सिनेटर मॅकार्थींच्या दबावाखाली अमेरिकेच्याच परदेशातल्या वाचनालयांमधून अमेरिकन लेखकांचीच पुस्तकं काढून टाकली गेली होती. म्हणजे देश लोकशाहीवादी असला तरी पाठवणाऱ्या सरकारचा मूड बदलला की शेल्फ बदलतं.

म्हणून पुस्तकं आणि कार्यक्रम निवडणाऱ्या कमिटीत निम्मी माणसं तुमची हवीत आणि त्या देशावर टीका करणारी पुस्तकंही ठेवता येतील असं करारात स्पष्ट हवं. दर कार्यक्रमाच्या पोस्टरवर पैसे कोणाचे तेही छापा. विरोध करणाऱ्यांपैकी एखाद्या अभ्यासू माणसाला त्याच कमिटीत घ्या, माझा अनुभव असा की तो माणूस मग सगळ्यात जास्त वेळ देतो.

प्रश्न : केंद्रात भाषेचे क्लास लावले तर सर्टिफिकेट मिळेल का?

हजेरीचं मिळेल, पण त्याला बाहेर फारशी किंमत नसते. शिकवण्याची परवानगी आणि परीक्षा घेण्याची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेचं सर्टिफिकेट फ्रान्सचं शिक्षण मंत्रालय देतं, जपानीची जेएलपीटी ही परीक्षा एन५ ते एन१ अशा पाच पातळ्यांवर होते, आणि या परीक्षा फक्त मान्यताप्राप्त केंद्रांवरच होतात. मुलांच्या पालकांना हे फी घ्यायच्या आधी सांगा, नंतर नको.

प्रश्न : उद्घाटनाला हॉल भरला होता, आता चार माणसं पण येत नाहीत. कुठे चुकलं?

दादा, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं कारण तुम्ही मेहनत खूप केलीय. पण तुम्ही पाठवलेली कार्यक्रमांची यादी बघा, सगळे कार्यक्रम त्या देशाबद्दल आहेत, तिथला सण, तिथला पदार्थ, तिथली चित्रं, आणि एकदा बघितलं की माणूस परत का येईल? लोक परत येतात ते स्वतःच्या गरजेसाठी. अभ्यासाला शांत जागा, चालणारं इंटरनेट, परदेशी शिक्षणाचा फॉर्म नीट समजावून सांगणारा माणूस, लहान मुलांसाठी गोष्टींचा तास. दर आठवड्याला त्याच वारी त्याच वेळी होणारा साधा संभाषण गट मोठ्या महोत्सवापेक्षा जास्त माणसं जोडतो हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. आणि देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी ठेवा, त्यांचा कवी येणार असेल तर त्याच मंचावर तुमचाही कवी बसू दे, दोघांच्या कवितांचे अनुवाद वाचू द्या.

हो, सिनेमे दाखवत असाल तर सार्वजनिक प्रदर्शनाचे हक्क घेतलेत का ते तपासा, डिव्हीडी विकत घेतली म्हणजे हॉलमध्ये दाखवायची परवानगी मिळाली असं होत नाही.

प्रश्न : उद्या त्या देशाने हात काढून घेतला तर?

घेऊ शकतो, हे धरूनच चाला. गोएथे इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये ओसाका, रॉटरडॅम, वॉशिंग्टनसह ९ केंद्रं बंद करायचं जाहीर केलं. रशियात ब्रिटिश कौन्सिलचं काम २०१८ मध्ये थांबलं ते दोन सरकारांच्या भांडणात, तिथे रोज येणाऱ्या वाचकाचा त्यात काय दोष होता? उलट जर्मनीत युद्धानंतर अमेरिकेने जी केंद्रं उघडली त्यातली काही, हायडेलबर्गचं त्यातलंच एक, अमेरिकेने आपला भार कमी केल्यावरही जर्मन-अमेरिकन संस्था म्हणून टिकली, कारण तिथल्या शहराला आणि लोकांना ती आपली वाटत होती आणि त्यांनी खर्चात वाटा उचलला.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की येणारं प्रत्येक पुस्तक आणि मशीन "भेट" म्हणून लिहून घ्या, "वापरण्यासाठी दिलं" म्हणून नको. करार संपवायचा तर सहा महिन्यांची नोटीस मागा. आणि पुस्तकं आली की त्याच आठवड्यात तुमच्या वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत नंबर टाकून शिक्का मारा.