कोलॅबरेट कोणासोबत, कशावर?

प्रश्न : ताई, आमचा बचत गट तुरीची डाळ करून विकते. एका शेतकरी कंपनीला आम्ही इंग्रजीत अर्ज धाडला, 'वुई वॉन्ट टू कोलॅबरेट टू यू', तर तिथले साहेब सगळ्यांसमोर वाचून हसले. काऊन हसले असतील? अन् कोलॅबरेट, कोऑपरेट एकच आहे का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, त्या हसण्याचं मनावर घेऊ नका, असं कोणाला चारचौघात हसणं मला तरी पटत नाही. शब्द तुमचा बरोबरच होता, चुकला फक्त शेवटचा 'टू'. माणूस आला की 'विथ' अन् काम आलं की 'ऑन', म्हणजे 'वुई वॉन्ट टू कोलॅबरेट विथ यू ऑन सेलिंग तूर डाळ'. तुम्हाला म्हणायचं होतं 'तुमच्यासोबत', अन् लिहिल्या गेलं 'तुम्हाला', बस एवढंच. काम सुरू असलं तर 'वुई आर कोलॅबरेटिंग', आपण 'करून राहिलो' म्हणतो ना, तेच.

मूळ लॅटिन आहे, 'कोम' म्हणजे सोबत अन् 'लाबोरारे' म्हणजे मेहनत करणं, आपला रोजचा 'लेबर' त्याच घरचा. 'कोम'मधल्या म चा पुढच्या ल मुळं ल झाला, म्हणून स्पेलिंगमध्ये दोन एल येतात, अन् 'सोबत' शब्दातच असल्यानं पुढं वेगळं 'टुगेदर' लावू नका.

आता फरक. शेजाऱ्याची बंडी तुमच्या धुऱ्यावरून जाऊ दिली तर ते कोऑपरेट, काम त्याचं, तुम्ही फक्त अडवलं नाही. पण एक बैल त्याचा, एक तुमचा, जोडी जमवली अन् आज त्याच्या वावरात, उद्या तुमच्या वावरात डवरणी केली, तर ते कोलॅबरेट, घाम दोघांचाही अन् पीकही दोघांच्या घरी. पोलीस चौकशीत 'कोऑपरेट करा' म्हणतात, कोलॅबरेट कोणी म्हणत नाही. इंग्रजीत रेघ इतकी पक्की नसते, कोऑपरेटचाही अर्थ कधी मिळून काम करणं होतो, पण तुमची डाळ अन् त्यांचं मार्केट एकत्र येणार तर कोलॅबरेटच शोभते.

एक मात्र सांभाळा. १९४० मध्ये जर्मनीनं फ्रान्स जिंकल्यावर तिथल्या सरकारचे प्रमुख मार्शल पेतँ यांनी हिटलरसोबत 'कोलाबोरास्यों' (फ्रेंचमधलं कोलॅबरेशन) मान्य केलं, तेव्हापासून 'कोलॅबरेटर'ला शत्रूला सामील झालेला असाही अर्थ चिकटला. पुस्तकं, संशोधन यांच्यात तो शब्द चांगल्या अर्थानं सर्रास चालते, पण तुमच्या अर्जात गटासाठी 'पार्टनर' लिहा, अन् 'टू'चं 'विथ' करून अर्ज त्याच कंपनीला परत धाडा.