काळा घोड्याच्या गर्दीत चित्र कसं पाहायचं?

प्रश्न: बाई, माझी मुलगी आठवीत आहे. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेत तिला ‘ए’ ग्रेड मिळाली. गेल्या फेब्रुवारीत मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवाला गेलो, तेव्हा नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्येही जाऊन आलो. तासाभरात सगळे मजले झाले, फोटोही काढले. घरी आल्यावर एकही चित्र धड आठवेना. यंदा तिला नेमकं काय दाखवू? मला स्वतःला मॉडर्न आर्ट कळत नाही.
– एक आई, डोंबिवली

उत्तर: ताई, आधी वार बदला. महोत्सव नऊ दिवस चालतो. शनिवार-रविवारी संध्याकाळी तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. मधल्या वारी, गॅलरी उघडते त्या वेळी आत शिरा. सोमवारी ती बंद असते. वर्गशिक्षिकेला चिठ्ठी द्या, एका दिवसाची रजा या कामासाठी अगदी योग्य आहे.

आत गेल्यावर मुलीला इमारतीबद्दल सांगा. वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्या आराखड्यावर 1911 मध्ये झालेला हा सर कावसजी जहांगीर हॉल. पुढे इथे बॉक्सिंगचे सामने झाले, युनियनच्या सभा झाल्या, चामड्याच्या वस्तूंचे सेल लागले. शिल्पकार पिलू पोचखानवाला, गॅलरी चालवणारे केकू गांधी अशा मंडळींनी पाठपुरावा केला, म्हणून 1996 पासून इथे चित्रं आहेत. चित्रांसाठी कुणीतरी जागा झगडून मिळवावी लागते, हे मुलांना कळायलाच हवं.

मग घुमटाखालच्या दालनापर्यंत एक चक्कर मारा, न थांबता. तिची पावलं जिथे रेंगाळतील, त्या एकाच चित्राकडे परत या. निवड तिची, तुम्ही सुचवू नका. मोबाइल पर्समध्ये. चित्राखालची माहितीची पट्टीही इतक्यात वाचायची नाही. डोळा आधी कुठे गेला? तिथून कुठे सरकला? उजेड कुठून येतोय? नंतर बाजूला सरकून तिरकं बघा: रंग कुठे जाड बसलाय, कुठे कॅनव्हासची वीण दिसतेय. चित्रकाराचा हात कसा फिरला ते तिथे दिसतं, आणि फोटोत नेमकं तेच हरवतं. कळत नाही म्हणता, पण साडी घेताना दोन निळ्यांमधला फरक तुम्हाला दुकानदाराच्या आधी कळतो. तोच डोळा इथे वापरायचा.

आता एलिमेंटरीचा उपयोग. स्मरणचित्राचा पेपर तिने दिलाय ना? पहारेकऱ्याला विचारून, चित्राकडे पाठ करून तिला बसवा आणि आठवेल तेवढं पेन्सिलीने काढू द्या. मग वळून ताडून बघा. जे सुटलं, ते तिने पाहिलंच नव्हतं. माझ्या वर्गातली मुलं याच क्षणी चित्राकडे धावायची, आणि त्यानंतर पट्टी वाचायची तर हट्टाने वाचायची.

चित्रकार के. एच. आरांचं काम मांडलेलं असेल तर ते चुकवू नका. मुंबईत घरगडी म्हणून राबलेला, गाड्या धुणारा हा माणूस 1947 च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटात होता. त्याची फुलं आणि भांडी पाहिली की वस्तुचित्राचा पेपर मार्कांपुरता राहत नाही. चित्रकार अमृता शेरगिलचा मोठा संग्रह दिल्लीच्या नॅशनल गॅलरीत, जयपूर हाऊसमध्ये आहे, पण तिचं आपल्याशीही नातं आहे. 1937 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने तिला सुवर्णपदक दिलं, आणि अजिंठा पाहिल्यावर तिच्या रंगांचं वजनच बदललं. कायद्याने ज्या नऊ चित्रकारांची चित्रं देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत, त्यांत ती आहे, राजा रविवर्मा आहे, नंदलाल बोस आहेत. यांच्यातल्या कुणाचंही प्रदर्शन मुंबईत लागलं, तर महोत्सवाची वाट न पाहता जा.

महोत्सवात व्याख्यानं, कार्यशाळा, वारसाफेऱ्या भरपूर असतात. एकच निवडा. तीन केल्यात तर गेल्या वर्षीसारखंच होईल.

शेवटचा अर्धा तास जहांगीर आर्ट गॅलरीला ठेवा. चालत काही मिनिटांवर आहे. 1952 पासूनची ही जागा, आणि इथली बहुतेक प्रदर्शनं आठवडाभराची असल्याने चित्रकार अनेकदा स्वतः तिथे बसलेला असतो. मुलीला पुढे करा. ‘अर्थ काय?’ हा प्रश्न नको. ‘हा रंग आधी लावला की नंतर?’ असं विचारू दे. बहुतेक चित्रकार खुर्चीतून उठून चित्रापाशी येतात आणि बोटाने दाखवून सांगतात.