डिमेन्शिया सांगितला, पण कुठला?

ताई, वाशीच्या डॉक्टरांनी आईंना डिमेन्शिया सांगितला, नातेवाईक अल्झायमर म्हणतात, दोन्ही एकच का, असं तुम्ही विचारलंय. आईंना संध्याकाळी सोफ्यावर लहान मुलं दिसतात, हेही लिहिलंय.

एकच नाही. डिमेन्शिया म्हणजे नुसतं ‘ताप आलाय’ म्हटल्यासारखं. तो मलेरियाचा की टायफॉइडचा, हे पुढे शोधायचं असतं. सगळ्यात जास्त आढळतो तो अल्झायमर, १०० पैकी साधारण ६० ते ७० जणांत. त्यात बहुधा आधी ताज्या आठवणी जातात. सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण स्वतःच्या लग्नात कोण रुसलं होतं ते लख्ख आठवतं. मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून होणारा व्हॅस्क्युलर, त्याच्यामागे बरेचदा बीपी-शुगर असते. साठीच्या आतच स्वभाव पार बदलला, तर डॉक्टर फ्रंटोटेम्पोरलचाही, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागातल्या डिमेन्शियाचाही विचार करतात.

पण ती मुलं वाचून मला माझे सासरे आठवले. नौपाड्यातल्या आमच्या घरी त्यांना खिडकीत मांजर दिसायचं. घाबरायचे नाहीत, “तिला दूध घाल गं” म्हणायचे. एक दिवस तलावपाळीला फेरी मारून येऊन भाजीचा हिशोब तोंडी करायचे, दुसऱ्या दिवशी शर्टाचं बटण लावता यायचं नाही. मुद्दाम करतात असं वाटून मी चिडलेयसुद्धा, त्याचं आजही वाईट वाटतं. झोपेत ओरडणं, हात झाडणं तर कितीतरी वर्षं आधीपासून होतं.

तो लेवी बॉडी डिमेन्शिया निघाला, म्हणजे मेंदूच्या पेशींत प्रथिनाच्या गुठळ्या साचून होणारा प्रकार. कळायच्या आधी एका ठिकाणी भास थांबवायला गोळी दिली गेली आणि चार दिवसांत त्यांचं अंग लाकडासारखं ताठलं, घास गिळवेना. या प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखी भास थांबवणारी औषधं जिवावर बेतू शकतात. म्हणून न्यूरोलॉजिस्टना भास, दिवसागणिक होणारे चढउतार, झोपेतली आदळआपट, चालण्यातला फरक, सगळं तारखांसकट लिहून दाखवा आणि “लेवी बॉडी असू शकतो का?” असं सरळ विचारा. चालू गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय ना? तिथली कमतरता औषधाने भरून निघते. डोळेही दाखवा, नजर अधू झाली तरी भास होतात. आणि गोंधळ एकदम एक-दोन दिवसांत वाढला, तर लघवीचं इन्फेक्शन आधी बघा.

मुलं दिसली की “तिथे कुणी नाहीये” असा वाद घालू नका. दिवेलागणीच्या आधीच खोलीत भरपूर उजेड करा. आमच्याकडे कुंडीतल्या तुळशीची सावली जाळीवर हलायची. पडदा ओढून ट्यूब लावली की मांजर बरेचदा यायचंच नाही.