देवमासे पाहायचे असतील तर किनाऱ्यावरून पाहावेत की बोटीतून?

मे महिन्याच्या सुटीत आई-वडील आणि मुलीसह नागपूरहून देवमासे पाहायला कोकणात जावे की श्रीलंकेत, आणि वडीलधाऱ्यांना बोट झेपली नाही तर किनाऱ्यावरून काही दिसेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आपण श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमालीला जावे, आणि पहिल्याच दिवशी बोटीत बसण्याऐवजी आधी कड्यावर उभे राहावे.

कोकणात डॉल्फिन हमखास म्हणावेत इतके दिसतात. देवमासा मात्र खोल पाण्यात जाणाऱ्या मच्छीमारांनाच अधूनमधून भेटतो. 2023 मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत अडकल्याची बातमी आपण वाचली असेल, पण तसे दृश्य पाहायला कोणी सहल आखत नाही. मुंबईसमोर समुद्रबूड जमिनीचा उथळ पट्टा 300 किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, म्हणजे खोल पाणी किनाऱ्यापासून फार दूर पडते. उलट त्रिंकोमालीला समुद्रतळावरील खोल दरी थेट बंदराच्या तोंडापर्यंत येते, त्यामुळे एरवी भर समुद्रात राहणारे निळे देवमासे आणि स्पर्म व्हेल तेथे किनाऱ्याच्या दृष्टिपथात येतात. दक्षिणेकडील मिरिसा अधिक प्रसिद्ध असले तरी त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल असतो आणि मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी तिकडचा समुद्र खवळू लागतो. त्रिंकोमालीचा हंगाम साधारण मार्चपासून ऑगस्टपर्यंत चालतो, म्हणजे आपल्या शाळांच्या सुटीत तो नेमका बसतो.

किनाऱ्यावरून पाहण्याची जागा म्हणजे स्वामी रॉक, ज्याच्या माथ्यावर कोणेश्वराचे शिवमंदिर आहे. वाट जुन्या फ्रेडरिक किल्ल्यातून जाते आणि तेथे चितळ माणसांना न बुजता हिंडत असतात, म्हणजे पेंचला जाऊन आलेल्या मुलीचा वेळ बरा जाईल. कड्यावरून देवमासा शोधायचा नसतो, फवारा शोधायचा असतो. हा फवारा म्हणजे पाण्याचे कारंजे नव्हे, तर त्याने सोडलेल्या श्वासाची वाफ आणि तुषार असतात. निळ्या देवमाशाचा फवारा सरळ उभा असून सुमारे 9 मीटरपर्यंत चढतो, तर स्पर्म व्हेलचा बुटका आणि पुढे डावीकडे कललेला असतो. एक फवारा दिसला की दुर्बीण तेथेच रोखून ठेवावी, कारण पुन्हा खोल बुडी मारण्यापूर्वी देवमासा थोड्याथोड्या वेळाने अनेकदा श्वास घेतो. निळा देवमासा त्यानंतर साधारण दहा-पंधरा मिनिटांत वर येतो; स्पर्म व्हेलची बुडी मात्र पाऊण तासाचीही असू शकते, तेवढ्यात मंदिर पाहून होते. किनारा पूर्वाभिमुख असल्याने सकाळी सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि दुपारनंतर तो पाठीशी जातो, पण तोवर वारा वाढून पांढऱ्या लाटा उठल्या तर त्यांत फवारा हरवतो. म्हणून मी दोन्ही वेळा जावे असे सुचवीन. ताडोब्यासाठी घेतलेली 8x42 दुर्बीण येथे उत्तम चालते, तिच्यासाठी वेगळा खर्च नको.

बोटीतून जवळीक मिळते, पण चित्र तुटक असते. तीस मीटरपर्यंत लांबी गाठू शकणारा हा प्राणी एका वेळी पूर्ण दिसतच नाही. आधी फुत्कार ऐकू येतो, मग करड्या-निळ्या ठिपक्यांची पाठ सरकत राहते, अगदी शेवटी पाठीवरचा छोटासा पर येतो, आणि नशीब असेल तर शेपटी वर उचलली जाते. तो गेल्यावर पाण्यावर तेलकट वाटावा असा गुळगुळीत डाग काही वेळ राहतो. वाघाभोवती जिप्सींचा जसा गराडा पडतो तसाच येथे बोटींचाही पडतो, म्हणून किमान 100 मीटर अंतर राखणार का आणि त्याच्या वाटेत आडवी बोट घालणार नाही ना, हे पैसे ठरवण्यापूर्वीच विचारावे.

त्रिंकोमालीजवळच्या उप्पुवेली आणि निलावेली या किनाऱ्यांवरून सुटणाऱ्या बोटी बहुधा लहान आणि उघड्या असतात, त्यामुळे पाठदुखी असलेल्या ज्येष्ठांना मी त्यांत बसवणार नाही. आपण मुलीला घेऊन जाणार असाल तर पहाटेची फेरी निवडावी, बोटीच्या मागच्या बाजूला बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी आणि मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. आई-वडिलांना त्या सकाळी कड्यावर सोडता येईल. बोट कोणत्या दिशेला वळली हे त्यांना वरून दिसेल, आणि फवारे कदाचित आपल्या आधी त्यांनाच दिसतील.