गाठ ‘धुऊन निघत’ नाही: ‘वॉशआउट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: यकृतातल्या गाठींसाठी इंजेक्शन देऊन जी सोनोग्राफी करतात, तिच्याबद्दल रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत आणायचंय. पहिल्या खर्ड्यात ‘कॉन्ट्रास्ट अल्ट्रासाउंड’चं ‘विरोधाभासी ध्वनिचित्रण’, ‘बिनाईन लीजन’चं ‘सौम्य जखम’ आणि ‘वॉशआउट’चं ‘धुलाई’ झालंय. हे चालेल का?

‘विरोधाभासी’ तर काढूनच टाका; तो अलंकार व्याकरणाच्या तासाला शोभतो. इथे कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून दिलेला पदार्थ. सीटी स्कॅनच्या सवयीने त्याला ‘डाय’ म्हणावंसं वाटेल, पण हा रंग नव्हे. हे वायूचे बुडबुडे असतात, बहुतेक तांबड्या रक्तपेशीहूनही लहान. ते रक्तवाहिनीतच फिरतात आणि वायू शेवटी श्वासावाटे निघून जातो. ‘सूक्ष्म बुडबुड्यांचं इंजेक्शन देऊन केलेली सोनोग्राफी’ हे लांबलचक आहे खरं, पण वाचणाऱ्याला कळतं.

‘लीजन’ला ‘जखम’ म्हणणारा व्युत्पत्तीने चुकलेला नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ इजा असाच आहे. डॉक्टर मात्र आजूबाजूपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या कोणत्याही भागाला लीजन म्हणतात. बऱ्याचदा ‘गाठ’ पुरते. पण चरबी साठलेल्या यकृतात एखादा चरबी न साठलेला तुकडाही सोनोग्राफीत वेगळा दिसतो, आणि ती गाठ नसतेच. तिथे ‘डाग’ बरा. छातीच्या एक्स-रेवरचा डाग आपल्या बोलण्यात आहेच.

आता खरी मेख, ‘वॉशआउट’. ‘धुलाई’ने कपडे आठवतात, नाहीतर मार. ‘धुऊन निघाली’ त्याहून वाईट, कारण गाठ धुऊन निघाली असं वाचून रुग्णाला हायसं वाटेल आणि प्रत्यक्षात डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडलेली असेल.

पडद्यावर काय होतं ते पाहा. यकृताला साधारण पाऊण हिस्सा रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, पाव हिस्सा धमनीतून. यकृताचा स्वतःचा कॅन्सर मुख्यतः धमनीवर पोसतो. म्हणून बुडबुडे पोचताच, पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात, आधी गाठ उजळते. मग पोर्टल शिरेतलं रक्त येतं, सगळं यकृत उजळतं, आणि तीच गाठ आता भोवतालापेक्षा काळपट दिसते. हाच वॉशआउट. म्हणजे हा शब्द तुलनेचा आहे.

मी आधी ‘निचरा होणे’ लिहिलं होतं, मग ‘ओसरणे’. पूर ओसरतो, गर्दी ओसरते. शब्द गोड आहे, पण त्यात ‘कशाच्या मानाने’ हा प्रश्न उरतोच. ‘फिकी पडणे’मध्ये तो उरत नाही. मराठीत फिकं पडायचं ते कुणापुढे तरी. पहाटे चांदण्या फिक्या पडतात, त्या विझलेल्या नसतात. इंग्रजी अहवालाला नामं आवडतात म्हणून आपण ‘फिकटीकरण’ वगैरे घडवू नये. क्रियापदच ठेवावं: गाठ उजळली, गाठ फिकी पडली.

अहवालात ‘वॉशआउट’च्या आधी येणारे ‘अर्ली’ (लवकर) आणि ‘लेट’ (उशिरा) मात्र गाळू नका. दुसऱ्या अवयवातून यकृतात पसरलेल्या कॅन्सरची गाठ सहसा मिनिटभराच्या आत आणि ठळकपणे फिकी पडते. यकृताचा स्वतःचा कॅन्सर बहुधा मिनिटानंतर, आणि थोडासाच. रक्तवाहिन्यांची साधी गाठ, म्हणजे हिमँजिओमा, कडेने ठिपक्याठिपक्यांनी उजळत आत भरत जाते आणि सहसा उजळलेलीच राहते. पाण्याची गाठ तर उजळतच नाही. अपवाद आहेत: पू झालेली गाठही फिकी पडू शकते. तेव्हा ‘फिकी पडली’चं भाषांतर ‘कॅन्सर आहे’ असं करू नये.

राहिला ‘बिनाईन’चा, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठीचा, ‘सौम्य’. सोम म्हणजे चंद्र, त्यावरून आलेला हा शब्द मला आवडतो, पण ‘सौम्य ताप’ म्हणजे थोडा ताप, तशी ‘सौम्य गाठ’ म्हणजे थोडासा कॅन्सर असं कुणीही वाचेल. कोशात ‘मॅलिग्नंट’ला, म्हणजे कॅन्सरच्या गाठीला, ‘दुर्दम’ सापडेल, म्हणजे आवरायला कठीण. तो वैद्यकाच्या पुस्तकात राहू द्या. दवाखान्यात ‘साधी गाठ’ आणि ‘कॅन्सरची गाठ’ म्हणतात, पत्रकातही तेच छापा.

तुमचं वाक्य मग असं होईल: ‘इंजेक्शननंतर गाठ आधी उजळली आणि दोन मिनिटांनी भोवतालच्या यकृतापुढे किंचित फिकी पडली.’